पीएफ-पीव्ही मलेरिया कार्ड: तापाच्या रुग्णाला उत्तम, आकडा काढताना जपून

पावसाळा लागला की कोल्हापुरातल्या बहुतेक लॅबमध्ये मलेरिया कार्डाची, म्हणजे बोटातल्या रक्तावर झटपट होणाऱ्या तपासणीची, पेटी असते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतला दवाखाना असो, कारखान्याच्या तळावरचं ऊसतोड मजुरांचं शिबिर असो, हाताशी असतं ते हेच. हे परीक्षण एका कंपनीच्या मालाचं नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१३पासून वापरात असलेल्या, मलेरियाचे फाल्सिपेरम (पीएफ) आणि व्हायव्हॅक्स (पीव्ही) हे दोन्ही परजीवी ओळखणाऱ्या बायव्हॅलंट, म्हणजे दुहेरी, कार्डाचं आहे. फक्त फाल्सिपेरम दाखवणारं एकेरी कार्ड आपल्याकडे घेऊच नये. व्हायव्हॅक्सचा रुग्ण त्यात सरळ निगेटिव्ह येतो.

कार्डावर तीन रेघा असतात. कंट्रोल, पीएफ आणि पीव्ही. पीएफची रेघ एचआरपी-२ या प्रथिनावर उमटते, पीव्हीची पीएलडीएच या एन्झाइमवर. रक्त लागतं फक्त ५ मायक्रोलिटर, आणि पहिली चूक इथेच होते. पेटीत रक्त उचलायला लूप (छोटं कडं) असेल तर त्यातला रक्ताचा पडदा कार्डाला टेकवण्याआधीच फुटतो किंवा अर्धाच उतरतो. उलट्या कपासारखं साधन असेल तर मात्रा बरीच नेमकी पडते, म्हणून पेटी घेताना आत काय दिलंय ते विचारा. रक्त जास्त झालं तर पट्टी लालभडक राहते आणि फिकी रेघ त्यात बुडते. कमी झालं तर कमी परजीवी असलेला रुग्ण हातचा निसटतो.

बोटाला लावलेलं स्पिरिट पूर्ण वाळू द्या. रक्त छोट्या खिडकीत, बफर (रक्त पट्टीवर वर नेणारा द्रव) मोठ्या खिडकीत. बफरची बाटली अगदी उभी धरा, तिरकी धरली की थेंब लहान पडतो. दोन थेंब की चार, हे कंपनीगणिक बदलतं. म्हणून एका पेटीचं बफर दुसरीला वापरू नये आणि बफर संपलं म्हणून सलाइन किंवा पाणी तर मुळीच घालू नये, त्याने नसलेल्या रेघा उमटतात. वाचन १५ ते २० मिनिटांनी, किंवा माहितीपत्रकात जी वेळ दिली असेल त्या वेळेला. घाईने पाहिलं तर पट्टी साफ झालेली नसते. तासाभराने पाहिलं तर सुकताना उलटा ओघ येऊन फसवी रेघ दिसते. वेळेत दिसलेली रेघ कितीही फिकी असो, ती पॉझिटिव्हच.

एक गैरसमज जाणत्या टेक्निशियनमध्येही असतो. कंट्रोल रेघ आली म्हणजे कार्ड चांगलं, असं नाही. ती रेघ एवढंच सांगते की द्रव वर चढला आणि रंग जागा आहे. पीएफ-पीव्हीच्या रेघांवरची प्रतिपिंडं उष्णतेने मेलेली असली तरी कंट्रोल झोकात उमटू शकते. बऱ्याच पेट्यांवर साठवणुकीची वरची मर्यादा ३० अंश असते, काहींवर ४०. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात, त्यातही कुरिअरच्या बंद गाडीत, ३०ची मर्यादा सहज मोडते. म्हणून ४० अंशांची पेटी मिळत असेल तर तीच घ्यावी आणि साठा उन्हाळ्याआधी किंवा पाऊस पडल्यावर मागवावा. पावसाळ्यात दुसरं संकट दमटपणाचं. पाऊच फोडल्यावर सिलिका जेलचा रंग बदललेला दिसला तर ते कार्ड टाकून द्या. फ्रिजमधलं कार्ड लगेच फोडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. नवीन बॅच आली की स्लाइडवर, म्हणजे मायक्रोस्कोपखाली, पक्का झालेला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना लावून पाहणं हीच खरी तपासणी.

आता मुख्य मुद्दा. याच कार्डाने एखाद्या भागात, किंवा अख्ख्या देशात, हिवताप किती पसरलाय हे मोजता येतं का? येतं, पण कार्डाचा कच्चा आकडा म्हणजे उत्तर नव्हे.

समजा १०,००० लोक तपासले आणि त्यातल्या १ टक्का, म्हणजे १०० जणांना खरोखर लागण आहे. कार्ड शंभरातले ९० बाधित पकडतं (ही त्याची संवेदनशीलता) आणि शंभरातले ९८ निरोगी बरोबर सोडतं (ही विशिष्टता), असं धरू. बाधितांपैकी ९० सापडतील. उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांपैकी २ टक्के, म्हणजे १९८ जण फुकट पॉझिटिव्ह येतील. एकूण २८८. अहवालात लागण २.८८ टक्के, प्रत्यक्षात १. आणि हे कार्ड खराब नसतानाचं गणित आहे. लागण ३० टक्के असती तर याच कार्डाचा आकडा २८.४ आला असता, म्हणजे जवळपास बरोबर. जिथे रोग कमी, तिथे कार्डाची थोडीशी चूक आकड्याला गिळते. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पॉझिटिव्ह कार्डावर जेवढा भरवसा ठेवता येतो, तेवढा करवीर किंवा हातकणंगल्यात ठेवता येत नाही.

ही चूक दुरुस्त करण्याचं सूत्र साधं आहे. दिसलेल्या प्रमाणात विशिष्टता मिळवा, १ वजा करा आणि (संवेदनशीलता + विशिष्टता − १) ने भागा. वरच्या उदाहरणात ०.०२८८ + ०.९८ − १ = ०.००८८, भागिले ०.८८, म्हणजे बरोबर ०.०१. पण त्यासाठी आपल्या भागात, आपल्या हवामानात, त्या बॅचची विशिष्टता ठाऊक हवी. माहितीपत्रकातली टक्केवारी त्या कामाला पुरत नाही.

दुसरी अडचण एचआरपी-२ची. परजीवी मेल्यावरही हे प्रथिन दोन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त, रक्तात राहतं. म्हणजे सर्वेक्षणाच्या दिवशी बरा झालेला माणूसही ‘लागण’ म्हणून मोजला जातो. पीएलडीएच काही दिवसांत जातं, म्हणून पीव्हीची रेघ सध्याच्या लागणीशी जास्त प्रामाणिक. म्हणूनच फाल्सिपेरमचे उपचार लागू पडले का, हे पाहायला हे कार्ड पुन्हा लावू नये. त्यासाठी स्लाइडच हवी.

उलट बाजूने कार्ड लोक सोडतंही. मायक्रोलिटरमागे साधारण १०० ते २०० परजीवी असल्याशिवाय त्याचा भरवसा नाही. चांगला मायक्रोस्कोपिस्ट जाड थेंबात ५०पर्यंत जातो, पीसीआर त्याच्याही बरंच खाली. ताप नसलेले, अंगावर रोग वागवणारे लोक नेमके याच खालच्या पट्टीत असतात. यकृतात दडलेला व्हायव्हॅक्स तर यातल्या कोणत्याच तपासणीला दिसत नाही.

म्हणून आफ्रिकेतल्या देशांच्या घरोघरी सर्वेक्षणात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचं कार्ड जागच्या जागी करून औषध देतात, आणि बऱ्याचदा त्याच बोटाच्या रक्ताची जाड स्लाइडही घेतात. दोन्हींचे आकडे वेगळे छापले जातात आणि कार्डाचा बहुधा जास्त असतो. भारतात मोजणीचा पाया वेगळा, तापाच्या रुग्णांच्या नोंदींचा. वर्षात हजार लोकसंख्येमागे पक्के रुग्ण किती, तो एपीआय. लोकसंख्येच्या किती टक्के रक्त तपासलं, तो एबीईआर, आणि तो किमान १० असावा अशी अपेक्षा. एबीईआर घसरला की एपीआयही घसरतो. रोग तेवढाच राहतो, शोध कमी होतो. खासगी लॅबनी आपले निगेटिव्हही जिल्हा हिवताप कार्यालयाला कळवावेत, असा आमचा आग्रह त्यासाठीच. निगेटिव्हशिवाय पॉझिटिव्हला छेदच नाही.

शिबिराच्या आकड्यांबाबतही तेच. कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर) तापाच्या २०० मजुरांचं कार्ड केलं आणि ४ पॉझिटिव्ह आले, तर ती तापाच्या रुग्णांतली २ टक्के पॉझिटिव्हिटी. ‘तालुक्यात २ टक्के मलेरिया’ असं त्यावरून लिहिणं चूक. मजूर महिन्याभरात कुठून आला, हा रकाना रजिस्टरमध्ये नसेल तर लागण इथली की गावाकडची हेही कळणार नाही.

पेरूमध्ये २०१०मध्ये एचआरपी-२चं जनुकच नसलेले फाल्सिपेरम नोंदवले गेले, पुढे इतर देशांतही सापडले. असा परजीवी पीएफच्या रेघेवर दिसत नाही. ओडिशा-झारखंडकडून आलेला फौंड्री कामगार थंडी वाजून तापलेला आहे, प्लेटलेट उतरल्यात आणि कार्ड निगेटिव्ह आहे, तर तेवढ्यावर थांबू नका.

आमचा शेरा: रात्रीच्या वेळी, टेक्निशियन नसताना, तापाच्या रुग्णासाठी हे कार्ड घ्याच. पाच-सहा रुग्णांच्या दवाखान्याला सुटे पाऊच आणि प्रत्येकात वेगळं बफर असलेली पेटी बरी. मोठ्या लॅबला २५ची, पण बफरच्या बाटलीवर उघडल्याची तारीख टाकून. सोबत स्लाइड रंगवायला जेएसबी किंवा गिम्सा स्टेन आणि मायक्रोस्कोपखाली १०० फील्ड (दृश्यक्षेत्रं) पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ न लिहिणारा माणूस हवा. कार्ड पॉझिटिव्ह आलं की औषध थांबवू नका, पण पहिली गोळी देण्याआधी जाड आणि पातळ थेंबाची स्लाइड काढून ठेवा.