गॅलेक्सी झेड फोल्ड 5, दीड वर्ष वापरून: फोन छान, पण ॲप्सना घडी कळतेय का?

सॅमसंगच्या या घडीच्या फोनच्या कॅमेरा आणि बॅटरीवर भरपूर व्हिडिओ आहेत, ते मी परत लिहीत नाही. मी ॲपच्या स्क्रीन डिझाइन करते, राहते ठाण्याला कोपरीत, ऑफिस कोपरखैरण्याला. नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बर लोकल पकडली आणि बसायला मिळालं की फोन उघडायचा, उभं राहावं लागलं तर मिटलेलाच वापरायचा, असं माझं रोजचं चाललेलं असतं आणि त्यामुळे एकाच गोष्टीकडे माझं लक्ष जातं, ते म्हणजे फोन उघडताना आणि मिटताना समोरचं ॲप काय करतं.

बाहेरची स्क्रीन 6.2 इंच, उंच आणि अरुंद. आतली 7.6 इंच, जवळजवळ चौकोनी. बाहेरच्या स्क्रीनवर टाइप करताना एक हात पुरतो, दुसऱ्या हाताने दांडी धरता येते, गाडीत हे फार कामाचं. आत मात्र दोन्ही हात लागतात (253 ग्रॅम आहे शेवटी) आणि अंगठे डाव्या-उजव्या कडेलाच फिरतात, मधोमध ना हा अंगठा आरामात पोचत ना तो, आणि घडीची रेघ नेमकी तिथेच. तरी कित्येक ॲप्स "पुढे"चं छोटंसं बटण बरोब्बर त्या रेघेवर आणून ठेवतात. खात्री करायला विचारणारी चौकट पण तशीच, मधोमध, अर्धं वाक्य घडीच्या अलीकडे आणि अर्धं पलीकडे. डिझाइन करताना हा फोन हातात धरून बघितला असता तर ते बटण उजव्या कडेला गेलं असतं, इतकं साधं आहे हे.

पण माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. आईच्या एफडीचा फॉर्म एका बँकेच्या ॲपमध्ये भरत होते, बाहेरच्या स्क्रीनवर. रक्कम टाकली, मुदत निवडली, नॉमिनीचं नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं भरलं. आई शेजारीच बसलेली, म्हणाली "अगं जरा मोठं करून दाखव ना, मला एकदा वाचू दे." म्हणून फोन उघडला आणि समोर कोरा फॉर्म, पहिल्या रकान्यापासून! आईला वाटलं तिच्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आता हे का होतं ते सांगते. फोन उघडला की अँड्रॉइडच्या दृष्टीने स्क्रीनचा साइज बदलतो, आणि डेव्हलपरने वेगळी सोय केलेली नसेल तर चालू असलेली स्क्रीन बंद करून नव्याने उभी केली जाते. लिहिलेलं, निवडलेलं, कुठपर्यंत स्क्रोल केलं होतं ते, हे सगळं आधी जपून ठेवायचं असतं. ते जपण्याची साधनं अँड्रॉइडमध्ये आहेत, घडी कुठे आहे आणि फोन अर्धा उघडलाय का हेसुद्धा ॲपला विचारता येतं. लेआउटसाठी गूगलने रुंदीचे टप्पे पण दिलेत, 600 डीपीच्या (डीपी म्हणजे स्क्रीनवरची मापं मोजायचं अँड्रॉइडचं एकक) आत छोटी, 600 ते 840 मधली, त्याच्यापुढे मोठी. म्हणजे प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी स्क्रीन काढायची गरज नाही, टप्पा बदलला की मांडणी बदलायची. आमच्या टीमने आता नियमच केलाय, अर्धा फॉर्म भरायचा, फोन उघडायचा, मिटायचा, परत उघडायचा, एक अक्षर जरी गेलं तरी बग.

ज्यांनी नीट केलंय तिथे हा फोन वापरायला इतकं बरं वाटतं! जीमेल आडवं धरलं की डावीकडे यादी, उजवीकडे मेल. अर्धा दुमडून ओट्यावर ठेवला की यूट्यूबचा व्हिडिओ वरच्या अर्ध्यात आणि बाकीचं खालच्या अर्ध्यात येतं, कणकेचे हात असतील तर करंगळीने खालीच टेकवून पॉज करता येतं, वरच्या चित्रावर बोट न्यावंच लागत नाही. जी ॲप्स हे स्वतःहून करत नाहीत त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये लॅब्समध्ये फ्लेक्स मोड पॅनेल आहे (अर्धा दुमडल्यावर ॲप वरच्या अर्ध्यात आणि खालच्या अर्ध्यात बटणं दाखवणारं), ते चालू करा. मिटल्यावर कोणतं ॲप बाहेरच्या स्क्रीनवर चालू राहावं तेही डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं, मी वाचायची ॲप्स चालू ठेवलीत, दीघा गाव स्टेशन सोडलं की वाचायला घेतलेलं उतरताना मिटून जिन्यावर तिथूनच पुढे वाचते.

2019 च्या पहिल्या फोल्डची आठवण असलेले लोक अजून स्क्रीन टिकेल का विचारतात. माझा व्यवस्थित आहे. एवढंच लक्षात ठेवा की याचं रेटिंग आयपीएक्स8 आहे, म्हणजे पाण्याचं, त्यातला एक्स धुळीसाठी आहे आणि धुळीचं रेटिंग याला नाही. घोडबंदरला खोदकामाच्या बाजूने बाइकवर रोज जात असाल तर फोन बॅगेतच ठेवा.

निघाला तेव्हा 1,54,999 चा होता. आता नवी मॉडेल्स आलीत, पण कोणताही फोल्ड घेणार असाल तर आधी ज्याच्याकडे तो आहे अशा मित्राला गाठा, तुमची रोजची दोन-तीन ॲप्स त्याच्या फोनवर टाका, बँकेचं, तिकिटाचं, विम्याचं, जे असेल ते, अर्धा फॉर्म भरा आणि फोन उघडा. भरलेलं जागेवर राहिलं तर गोखले रोडला दुकानात जाऊन भाव करायला हरकत नाही.