फिश फिंगर, डब्यातला ट्यूना की खारा बांगडा? पाकिटावरचे शिक्के मासळीला कसे मोजतात

आमच्या घरी मासळीचे तीन प्रकार साठवलेले असतात. फ्रीजरमध्ये मुलासाठी फिश फिंगर, कपाटात घाईच्या दिवसासाठी डब्यातला ट्यूना आणि आगोटीला भरून ठेवलेले सुके बोंबील, जवळा, खारा बांगडा. आईला रक्तदाबाचा त्रास सुरू झाला तेव्हा यातलं काय ठेवायचं आणि काय कमी करायचं, हे ठरवणं भाग पडलं. परदेशी माल विकणाऱ्या दुकानात पाकिटांवर अक्षरं, तारे, रंगीत गोल दिसतात. ते शिक्के नेमकं काय मोजतात हे शोधत गेले आणि एकच पाकीट चार देशांत चार वेगळे निकाल मिळवतं हे कळलं.

उदाहरण म्हणून फिश फिंगरचं एक पाकीट घेऊ. 100 ग्रॅममागे 200 कॅलरी, 9 ग्रॅम चरबी, त्यातली संपृक्त 1 ग्रॅम, प्रथिनं 12 ग्रॅम, मीठ 0.9 ग्रॅम. फ्रान्समध्ये 2017 पासून असलेला न्यूट्री-स्कोअर ए (सर्वांत चांगली) ते ई अशी श्रेणी देतो; दोषगुण जितके कमी, तितकी श्रेणी चांगली. त्याचं सुधारित गणित असं: ऊर्जेचे 2 आणि मिठाचे 4 मिळून 6 दोषगुण, प्रथिनांमुळे त्यातून 4 वजा, उरले 2. म्हणजे श्रेणी बी, हिरवी. ब्रिटनमध्ये प्रत्येक घटकाला सिग्नलसारखा लाल, पिवळा किंवा हिरवा रंग देतात. त्या सिग्नलमध्ये याच पाकिटाला चरबीसाठी आणि मिठासाठी पिवळा, संपृक्त चरबीसाठी हिरवा रंग मिळेल. चिलीत 100 ग्रॅममागे 400 मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम असेल तर इशाऱ्याचा काळा अष्टकोन लागतो. 0.9 ग्रॅम मीठ म्हणजे 360 मिलिग्रॅम सोडियम, त्यामुळे तिथे पाकीट कोरं राहतं. मेक्सिकोत मर्यादा 300 ची आहे, तिथे मात्र 'सोडियम जास्त' असा काळा अष्टकोन येतो.

यातलं कोणतंच गणित चुकीचं नाही. श्रेणी आणि तारे बेरीज-वजाबाकी करून एक उत्तर देतात, तर सिग्नल आणि अष्टकोन प्रत्येक घटक वेगळा दाखवतात. मासळीच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरतो, कारण माशात प्रथिनं भरपूर असतात आणि ती मिठाचे दोषगुण भरून काढतात. मिठाच्या पाण्यातला ट्यूना पाहा: 110 कॅलरी, प्रथिनं 25 ग्रॅम, मीठ 1 ग्रॅम. दोषगुण 5, प्रथिनांचे 7 वजा, थेट ए श्रेणी. ज्याला मिठाचं पथ्य नाही त्याच्यासाठी हा निकाल रास्तच आहे. माझ्या आईसाठी मात्र त्या ए पेक्षा 'मीठ 1 ग्रॅम' हा आकडा महत्त्वाचा, कारण जागतिक आरोग्य संघटनेनुसार दिवसभराचं मीठच 5 ग्रॅमच्या आत हवं.

एका गोष्टीचं श्रेय न्यूट्री-स्कोअरला द्यायला हवं. दोषगुण 11 किंवा त्याहून जास्त झाले की तो प्रथिनांचे गुण मोजतच नाही, आणि 4 ग्रॅमच्या वर मीठ गेलं की एकट्या मिठाचेच 20 दोषगुण होतात. खारवलेला बांगडा या गणितात बसवला तर तो सरळ ई मध्ये जाईल. ब्रिटनच्या सिग्नलमध्येही लाल, कारण तिथे 1.5 ग्रॅमच्या वर मीठ गेलं की लालच. खाऱ्या माशाबद्दल सगळ्या पद्धतींचं एकमत होतं.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 2014 पासून अर्धा ते पाच तारे आहेत. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर 2022 मध्ये मांडलेला मसुदाही ताऱ्यांचाच होता. मला ही पद्धत मासळीसाठी अपुरी वाटते. साडेतीन तारे पाहून मीठ किती हे कळत नाही, आणि रक्तदाबाच्या माणसाला तेवढंच तर हवं असतं. माझं मत विचाराल तर मिठाचा इशारा वेगळा दिसलाच पाहिजे.

तोवर आपल्याला पाकीट उलटं करावं लागतं. मागच्या तक्त्यात सोडियम बहुतेकदा मिलिग्रॅममध्ये असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं: 400 मिलिग्रॅम म्हणजे 1 ग्रॅम. डब्यावर आकडे पाण्यासकट आहेत की निथळलेल्या माशाचे, हेही बघा. क्रॅब स्टिकच्या पाकिटावर घटकांची यादी वाचा. बहुतेकदा त्यात खेकड्याऐवजी सुरिमी, म्हणजे माशाचा लगदा, आणि सोबत स्टार्च, साखर, मीठ असतं. आणि कोणताही शिक्का घरच्या कढईतलं तेल मोजत नाही. बी श्रेणीची फिश फिंगर तळली की ते गणित संपलं.

सुक्या बाजारात तर शिक्काच नाही. पण तिथल्या सगळ्या मालाला एकाच मापाने मोजणं अन्यायाचं होईल. वर्सोव्याला वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडवावर, वाळणारे बोंबील आणि उन्हात पसरलेला जवळा सहसा मीठ न लावता सुकवतात. बांगडा, सुरमई खारवतात. ताज्या बोंबलात जवळपास 90 टक्के पाणी असतं. ते उडालं की 100 ग्रॅम सुक्या बोंबलात सुमारे 60 ग्रॅम प्रथिनं उरतात. शिवाय 100 ग्रॅमचं माप इथे फसवं ठरतं, कारण कालवणाला माणशी चार-पाच बोंबील पुरतात. खाऱ्या बांगड्याचं उलट आहे. त्यात 100 ग्रॅममागे 10 ग्रॅम मीठ धरलं, तर 30 ग्रॅमच्या तुकड्यातूनच 3 ग्रॅम मीठ पोटात जातं.

म्हणून आमच्याकडे आता असं ठरलंय. फिश फिंगर मुलाच्या डब्याला, तव्यावर थोड्या तेलात भाजून. ट्यूना निथळून, पाण्याने धुऊन, वर मीठ न घालता. आईसाठी बोंबील आणि जवळा, घेताना विकणाऱ्या मावशींना "मीठ लावलंय का?" असं विचारून, एक तुकडा जिभेवर ठेवून. खारा बांगडा रात्रभर भिजवून, पाणी दोनदा बदलून, महिन्यातून एकदा. आणि त्या दिवशी आईच्या ताटात पापड-लोणचं नसतं.