650 रुपयांचा कारंज्याचा पंप: खोक्यावरचं ‘हेड’ वाचा, मग पैसे काढा

चवथीच्या आधी फोंड्याच्या बाजारात हा पंप घेतला. पाण्यात बुडवून ठेवायचा, मुठीत मावणारा, 18 वॉटचा. अंगणात चिऱ्याची हौदी आहे, मधोमध वडिलांनी बसवलेलं दगडी कमळ. त्यातून पाणी उडावं ही नातवाची मागणी. मी पाणीपुरवठ्यात 31 वर्षं काढलेला माणूस, तरी खोक्यावरचं ‘ताशी 1100 लिटर’ वाचून भुललो. शेजारी बारीक अक्षरात ‘हेड 1.8 मीटर’ होतं, ते घरी येऊन चश्मा लावल्यावर दिसलं.

या आकड्याचा अर्थ दुकानदार सांगत नाही, म्हणून मी सांगतो. 1.8 मीटर म्हणजे पंप जिथे हात टेकतो ती उंची. तिथे पाणी शून्य. आणि 1100 लिटर मिळतात ते उंची शून्य असताना. दोन्ही एकदम कधीच नाही. माझं कमळ पाण्यापासून 1.2 मीटर वर. तिथवर पोचण्यातच बिचाऱ्याचा दम गेला. तोंडातून वीतभर बुडबुडा आला आणि पाकळ्यांवरून ओघळला. नातू म्हणाला, “आबा, हे तर नळ गळल्यासारखं दिसतं.”

बाकी तक्रारी: वायर जेमतेम दीड मीटर. आत स्पंजची गाळणी आहे, ती आमच्या तांबड्या मातीने चार दिवसांत चोंदली. पाणी कमी होऊन पंप उघडा पडला की तापतो, तो आपणहून बंद होत नाही. आणि लाइट गेली की कारंजं संपलं. पावसात आमच्याकडे लाइट किती राहते हे गोव्यात कोणाला सांगायला नको. जमेची बाजू म्हणाल तर आवाज अजिबात नाही. पुढचं झाकण काढून आतलं चुंबकाचं चक्र जुन्या टूथब्रशने साफ करता येतं, स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच मात्र आधी बसवून घ्या. हौदीत पोरं हात घालतातच.

पंप बाजूला ठेवला आणि विचार केला, वीज नव्हती तेव्हा राजेलोक काय करत होते? उत्तर माझ्या आजोबांच्या कुळागरात होतं. डोंगरातली झर, तिथून पाट, पाटाचं पाणी आपल्या पायांनी माडा-पोफळींपर्यंत. रशियातल्या पीटरहॉफच्या राजवाड्याची कारंजी नेमकी अशीच चालतात. 1721 साली सुरू झाली, पाणी वीसेक किलोमीटरवरच्या रोप्शाच्या उंच भागातल्या झऱ्यांचं, पंप एकही नाही. सॅमसनच्या पुतळ्याजवळची धार 20 मीटर उडते आणि पाणी पुढे समुद्रात जातं. पुण्याच्या शनिवारवाड्याला पेशव्यांनी कात्रजच्या तळ्यातून नळ आणला, तोही उताराच्या जिवावर.

जिथे उतार नाही तिथे हाल. व्हर्सायच्या राजवाड्यासाठी फ्रान्सच्या चौदाव्या लुईने सीन नदीवर मार्लीचं यंत्र बसवलं: 14 पाणचक्क्या, दोनशेच्या वर पंप, दीडशे मीटरहून जास्त चढ. 1684 मध्ये ते चालू झालं तरी सगळी कारंजी एकदम उडवण्याइतकं पाणी कधी पुरलंच नाही. मग राजा फिरायला निघाला की माणसं शिट्ट्या मारून एकमेकांना कळवत. तो येईल तिथला कॉक उघडायचा, गेला की बंद. वाचून हसू आवरेना. आम्ही तरी पाणीपुरवठ्यात दुसरं काय केलं? सकाळी या वाड्याचा व्हॉल्व्ह, संध्याकाळी त्या वाड्याचा.

मला जवळचं वाटलं ते राजस्थानातल्या डीगचं. राजवाड्याच्या गच्चीवर मोठा हौद, बैलांकरवी विहिरीतून भरलेला. हौदाच्या भिंतीला भोकं, प्रत्येकाला लाकडी बूच. बूच काढलं की खालचं ते कारंजं सुरू.

मग मीही गच्चीवरच्या 500 लिटरच्या टाकीतून अर्ध्या इंची पाइप खाली कमळात आणला, टोकाला 3 मिलिमीटरचं तोंड. टाकी हौदीपासून 6 मीटर वर. पहिल्या दिवशी धार माझ्या डोक्यावरून गेली आणि वाऱ्याने सोप्यावर बसलेल्या सौभाग्यवतींचं पातळ भिजवलं. आता कॉक थोडा आवळून ठेवतो. पूर्ण सोडला तर टाकी दोन तासांत रिकामी. हौदीतलं पाणी झाडांना जातं. टाकी भरायला विहिरीवरचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप आहेच. हे 650 रुपयांचं खेळणं त्या उंचीला पोचणं शक्य नाही.

तरी फेकून देऊ नका. परातीएवढ्या कुंडीत झुळझुळ पाणी हवं असेल, किंवा माशांची टाकी असेल, तर पैसे वसूल. आमचा आता तिथेच आहे. उंच कारंज्यासाठी घेऊ नका. पाचपैकी अडीच तारे.

चवथीला पाहुण्यांसाठी व्हर्सायची पद्धत वापरली. नातू गेटवर शिट्टी घेऊन, मी कॉकपाशी. दुपारपर्यंत ठीक चाललं. संध्याकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंग्याची पोंपों ऐकून त्याने शिट्टी मारली आणि मी इमानेइतबारे कॉक उघडला.