कोलाडचं राफ्टिंग: नदी एक नंबर, बुकिंगवाला मात्र...

जानेवारीत कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करून आलो, पुण्यातून ताम्हिणी उतरून, आम्ही सहाजण, त्यात वहिनी, जिला पोहणं सोडाच टाकीत पाय घालायची पण भीती. राफ्टिंग भारीच आहे, वैताग आणला तो बुकिंगवाल्याने.

फोनवर म्हणाला या साडेनऊपर्यंत आरामात. पोचलो तर गाईड पोरं बोंबलतायत, अहो पाणी सुटून कधीचं झालं, पळा. इथला सगळा खेळ भिऱ्याच्या वीजघरावर चालतो हो. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली येतं, टाटांच्या १९२७ च्या वीजघरात टर्बाइन फिरवतं आणि मग कुंडलिकेत सुटतं, म्हणून तर भर मे महिन्यात पण राफ्टिंग होतं. सुटतं ते सकाळी, एकदा उतरलं की राफ्ट दगडांना घासायला लागते. म्हणजे नीट सांगायची गोष्ट एकच, वेळ, आणि तीच चुकवली. वर फोटोचे पैसे वेगळे हे काठावर आल्यावर सांगितलं.

पण गाईड! जवळच्याच गावचा पोरगा, सगळ्यांची लाईफ जॅकेटं खांद्याच्या पट्ट्याला धरून वर ओढून बघितली, वहिनीचं थेट कानापर्यंत आलं, मग परत सगळी बकलं आवळली. "ताई, पॅडलची मूठ सोडायची नाय, शेजारच्याचे दात जातात." साजे गावापासून पुढे साधारण बारा-चौदा किलोमीटर, ग्रेड २-३ चे, म्हणजे मध्यम जोराचे रॅपिड (खळाळतं पाणी), पहिल्याच लाटेत सगळे चिंब, आणि संथ पाणी आल्यावर त्याने विचारलं कोण उतरतंय, तर वहिनी पहिली! दोरी धरून पाठीवर तरंगत होती, परत वर यायलाच तयार नाही.

मधेच मला एक डोक्यात आलं, हे आपल्या मुळा नदीचंच पाणी, पूर्वेला जायचं ते इकडे वळवलंय, सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह याच धरणापायी, गावंच्या गावं गेली त्यात आणि आपण त्या पाण्यावर किंचाळत मजा करतोय. असो.

नंतर गावातच एका घरी जेवलो, तांदळाची भाकरी, सुकट, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं म्हणून पोपटी, म्हणजे मडक्यात पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा आणि चिकन, मडकं उपडं केलं आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास नुसता सुटला, वालाच्या शेंगांपुढे चिकन कोणी बघेना.

नदी, गाईड, जेवण पाचपैकी पाच. बुकिंगवाला दोन. पाणी किती वाजता सुटणार ते थेट गाईडलाच विचारून घ्या आणि चष्मा असेल तर दोरी बांधा, माझा कुंडलिकेत आहे.