डॉर्ममधली खाट की स्वस्त हॉटेलातली खोली?

डॉर्म म्हणजे अनेक प्रवाशांची सामाईक खोली, त्यात एकेकाला एक खाट. एकटे असाल तर खाट स्वस्त, हे उघड आहे. पण डॉर्मचं भाडं माणशी असतं, हॉटेलचं बहुधा खोलीमागे. दोघं झालात की गणित बरेचदा उलटतं. टॉवेल, कुलूप यांचे वेगळे पैसे लावले तर दोन खाटांच्या भाड्यात साधी खोली मिळून जाते.

झोपेचं म्हणाल तर डॉर्ममध्ये घोरणाऱ्याची सवय होते, प्लास्टिकच्या पिशवीची होत नाही. पहाटे 4 वाजता कुणीतरी अंधारात पिशवी उपसत बसतं आणि ती कुरकुर थेट कानात शिरते. खाटेला पडदा, स्वतःचा दिवा आणि उशाशी प्लग असेल तरच मी डॉर्म घेतो, आणि खालचीच खाट.

स्वस्त खोलीचा दगा वेगळा. ‘खिडकी आहे’ म्हणतात, पण ती उघडते डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या अरुंद पोकळीत. फोटो कोपऱ्यातून वाइड लेन्सने काढलेले, त्यामुळे पलंगाशेजारी बॅग उघडायला जागा उरते का, ते कळतच नाही. पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा.

रिव्ह्यू दोन्हीकडे सारखेच वाचावेत: नवे आधी, आणि 3 स्टारवाले नीट. 5 स्टारवाला खूश असतो, 1 स्टारवाला चिडलेला. मधला मात्र ‘गरम पाणी फक्त सकाळी’ असं कामाचं लिहून जातो. स्वतः लिहितानाही खोली कितव्या मजल्यावर, रस्त्याकडे की मागे, एवढं टाकाच.

पहाटेची गाडी असेल, तर मी मुकाट्याने खोली घेतो.