सर्व्हरवर फाइल चढवायची : एजंटकरवी, दुव्यावरून की स्वतः?

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील ज्या कारखान्यांचे संगणक मी सांभाळतो, त्यांतील बहुतेक ठिकाणी एकाच सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) बसवून हिशेबाची, हजेरीची आणि ड्रॉइंगची व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे असे आभासी संगणक, चालवली जातात. नवे मशीन उभे करायचे तर आधी त्याची आयएसओ फाइल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याच्या डिस्कची एका फाइलमधली प्रत, सर्व्हरच्या स्टोरेजमध्ये पोहोचावी लागते. हे काम एआय एजंटवर, म्हणजे सांगितलेली कामे टूल वापरून स्वतः करणाऱ्या एआय मॉडेलवर, सोपवावे का, असे व्यवसायबंधू हल्ली वारंवार विचारतात. मार्ग तीन आहेत : एजंटने आपल्याकडील फाइल सर्व्हरवर चढवणे, एजंटने सर्व्हरला फक्त दुवा देऊन फाइल त्यालाच उतरवून घ्यायला लावणे, किंवा नेहमीप्रमाणे ब्राउझरमधून अथवा एससीपीने (नेटवर्कवरून सुरक्षितपणे फाइल पाठवण्याच्या कमांडने) आपण स्वतः पाठवणे.

पहिल्या मार्गाचा विचार करताना टूल, म्हणजे एजंट ज्याच्यामार्फत सर्व्हरशी बोलतो तो छोटा प्रोग्राम, कसे लिहिले आहे हे सर्वांत आधी पाहावे. चांगल्या टूलमध्ये एजंट फक्त फाइलचा पाथ (संगणकावरील ठिकाण) सांगतो आणि प्रत्यक्ष फाइल टूल स्वतः 8006 पोर्टवरील एपीआयकडे, म्हणजे इतर प्रोग्रामसाठी सर्व्हरने ठेवलेल्या दाराकडे, पाठवते. काही टूलमध्ये मात्र फाइलचा मजकूर बेस64 रूपात (अक्षरे-अंकांत बदलून) मॉडेलच्या संभाषणातूनच नेला जातो. त्यात आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो आणि काही जीबींच्या आयएसओसाठी ती पद्धत मुळात चालणारच नाही. शिवाय पाथ म्हणजे टूल ज्या संगणकावर चालते आहे त्यावरचा पाथ, आणि किती वेळ लागेल हे तो संगणक कुठे आहे यावर बरेचसे अवलंबून असते. गंगापूर रोडवरच्या घरी बसून 20 एमबीपीएस अपलोडच्या जोडणीवरून 5 जीबीची फाइल अंबडला पाठवायची तर सारे सुरळीत चालूनही अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. तीच फाइल कारखान्यातल्या गिगाबिट केबलवरून मिनिटभरात जाते.

याच मार्गात मी एकदा तोंडघशी पडलो होतो. एजंटने ‘फाइल चढवली’ असे कळवले, मी निर्धास्त झालो, आणि दुसऱ्या दिवशी मशीन बनवायला बसलो तर यादीत फाइलच नव्हती. झाले असे होते की एपीआय उत्तरादाखल फक्त कामाचा क्रमांक, म्हणजे यूपीआयडी, देतो आणि एजंटने तोच यश मानला होता. प्रत्यक्षात अपलोड केलेली फाइल आधी सर्व्हरच्या /व्हार/टीएमपी या फोल्डरमध्ये उतरते आणि तिथून ठरलेल्या स्टोरेजमध्ये तिची प्रत जाते. दोन्ही जागा एकाच डिस्कवर असल्याने तेवढ्या वेळापुरती दुप्पट जागा लागली आणि ती भरून काम मध्येच बंद पडले. तेव्हापासून यूपीआयडीची स्थिती शेवटपर्यंत विचारत राहणारे आणि ‘टास्क ओके’ मिळाल्यावर स्टोरेजची यादी पुन्हा वाचणारे टूल असेल, तरच मी ते वापरतो.

दुसरा मार्ग सार्वजनिक आयएसओसाठी मला निःसंशय सरस वाटतो. डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल हवी असेल तर ती आधी आपल्या लॅपटॉपवर उतरवून पुन्हा वर चढवण्यात काय अर्थ आहे? सर्व्हरला दुवा आणि त्यासोबत अधिकृत संकेतस्थळावरील एसएचए256 अथवा एसएचए512 बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का हे तपासण्याचा अंक, चेकसम) दिली की तो फाइल थेट घेतो, बेरीज जुळवून पाहतो आणि न जुळल्यास काम फेटाळतो. ही बेरीज मी स्वतः उतरवून देतो, एजंटच्या स्मरणावर कधीही सोडत नाही. या मार्गाला एक किंमत मात्र आहे : अपलोडसाठी स्टोरेजवरचा ‘डेटास्टोअर.अॅलोकेटटेम्प्लेट’ हा हक्क पुरतो, तर दुव्यावरून उतरवण्यासाठी त्याखेरीज सर्व्हरपातळीवरचे हक्कही द्यावे लागतात, कारण तुम्ही सर्व्हरला बाहेरच्या, प्रसंगी आतल्याही, कोणत्याही पत्त्याकडे विनंती पाठवण्याची मुभा देत असता. ज्या कारखान्यात एजंटवर एवढा भरवसा टाकायचा नाही, तिथे पहिला मार्गच ठेवावा.

या दोन्ही मार्गांत एजंटला ‘रूट’चा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड देऊ नये. वेगळा वापरकर्ता काढून त्याचे एपीआय टोकन (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त किल्ली) बनवावे, प्रिव्हिलेज सेपरेशन (टोकनचे हक्क वापरकर्त्याच्या हक्कांपासून वेगळे ठेवण्याची सोय) चालू ठेवावे आणि हक्क एकाच स्टोरेजपुरते द्यावेत. फाइल पुसण्यासाठी ‘डेटास्टोअर.अॅलोकेट’ हा वेगळा हक्क लागतो, तो मी एजंटला देत नाही. जुन्या आयएसओ काढून टाकणे हे महिन्यातून एकदा माणसाने करण्याचे काम आहे. सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र त्याने स्वतःच सही केलेले असल्यामुळे कित्येक टूलमध्ये त्याची तपासणीच बंद केलेली आढळते. त्याऐवजी सर्व्हरचे मूळ प्रमाणपत्र टूलच्या संगणकावर बसवणे हे दहा मिनिटांचे काम आहे आणि ते टाळू नये.

तिसऱ्या मार्गाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. वर्षातून दोन-तीनच आयएसओ चढवणाऱ्या कारखान्याला ब्राउझरमधील अपलोडचे बटण पुरेसे आहे आणि त्यासाठी टोकन, टूल हा सारा संसार मांडू नये. जुन्या मशीनच्या डिस्कची 200 जीबीची फाइल आणायची असेल तर मात्र, एजंट कितीही चांगला असला तरी, मी कारखान्यातल्या केबलवरून स्वतः एससीपीनेच पाठवतो. कोणताही मार्ग घेतला तरी स्टोरेजचे नाव नीट पाहावे : ‘लोकल’ ही फोल्डरची जागा आहे, तिथे आयएसओ मावते, तर ‘लोकल-एलव्हीएम’ फक्त मशीन्सच्या आभासी डिस्कसाठी असल्यामुळे तिथे ती ठेवताच येत नाही. नुसते ‘सर्व्हरवर टाक’ एवढे सांगितले तर एजंट नेमका इथेच चुकतो, म्हणून मी सूचनेत ‘लोकल’ हा शब्द दर वेळी स्पष्ट लिहितो.