जलतरण अकादमीतील समुपदेशन सेवा : एका पालकाचे परीक्षण

आमची मुलगी 16 वर्षांची आहे, 200 मीटर बटरफ्लाय पोहते आणि पश्चिम पुण्यातील ज्या खासगी अकादमीत सराव करते, तेथील समुपदेशन सेवा गेले वर्षभर घेत आहे. अकादमीचे नाव येथे देत नाही, कारण एवढ्या तपशिलावरून तलावावरची माणसे मुलीला सहज ओळखतील. हा मजकूर तिने आधी वाचला असून तिला नको असलेली दोन वाक्ये मी काढून टाकली आहेत. सेवेचे तीन भाग आहेत : महिन्यातून एक गटसत्र, मागणीनुसार वैयक्तिक भेटी आणि सत्रातून एकदा पालकांची बैठक. गटसत्रे व बैठक वार्षिक शुल्कात धरलेली आहेत, तर वैयक्तिक भेटीचे 1,200 रुपये वेगळे द्यावे लागतात.

खेळाडू मुलांना समुपदेशक कशाला हवा, असा प्रश्न आमच्याच घरात प्रथम निघाला होता. कोल्हापूरचा वीरधवल खाडे 16 वर्षांचा असताना 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला, 2010मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवून त्याने जलतरणातील 24 वर्षांचा दुष्काळ संपवला आणि 2018मध्ये जकार्ता येथे 50 मीटर फ्रीस्टाइलचे कांस्यपदक त्याच्या हातून सेकंदाच्या एका शतांशाने निसटले. आमच्या तलावावर हे तिन्ही किस्से मुलांना तोंडपाठ आहेत. सर प्रेरणेसाठी सांगतात तो बहुधा पहिला असतो, आणि मुलांच्या मनात घर करून बसतो तो तिसरा. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, जिच्याविषयी काठावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी दर स्पर्धेगणिक सुधारणारी वेळ शरीर बदलू लागले की अनेकींच्या बाबतीत काही काळ जागच्या जागी थांबते, मेहनत मात्र तेवढीच किंवा अधिक असते, आणि मुलगी त्याचा दोष आपल्या वजनाला किंवा आळसाला देऊ लागते. त्यात पहाटे साडेचारचा गजर आहे, कॉलेज आहे, क्लास आहे. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते असे डॉक्टर सांगतात; ती कोणत्या तासांतून काढायची, हे मात्र ज्याचे त्याने पाहायचे असते.

वैयक्तिक भेटी हा या सेवेचा खरा ऐवज आहे आणि त्याचे श्रेय पूर्णपणे समुपदेशक बाईंना जाते. त्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत, भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे, आणि मुले त्यांना ताई म्हणतात. सुरुवातीच्याच एका भेटीत त्यांनी मुलीची सरावाची वही मागून घेतली. या वहीत रोजचे अंतर, वेळ आणि नाडीचे ठोके असे तीन रकाने असतात. त्यातला वेळेचा रकाना काही आठवडे कोरा ठेवून तेथे ‘आज पाणी कसे वाटले’ एवढेच लिहायचे, असे त्यांनी सुचवले. वही आमच्या जेवणाच्या टेबलावरच पडलेली असते, पाने ओल्या हातांनी फुगलेली, त्यामुळे मला दिसत गेले ते असे : पहिले काही दिवस ‘थंड’, मग बरेच दिवस ‘जड’, आणि एके दिवशी तीन ओळी, ज्यात शेवटच्या पन्नास मीटरला हात उचलेनासा झाल्यावर आपण मनात स्वतःला काय काय बोलतो, ते लिहिले होते. ते शब्द दुसऱ्या कोणी तिच्याशी वापरले असते तर मी भांडायला गेले असते. सरांना हा प्रकार पसंत पडला नाही, कारण वेळ लिहिली नाही तर प्रगती कशी कळणार, असे त्यांचे म्हणणे होते, आणि प्रशिक्षक म्हणून ते चुकीचे होते असे मला वाटत नाही. वेळ त्यांच्या वहीत होतीच. काही आठवडे ती मुलीच्या वहीत नव्हती, एवढाच फरक होता.

त्याच सुमारास एक मुलगा तिच्या आयुष्यात आला. तो बॅकस्ट्रोकचा आहे आणि शेजारच्या लेनमध्ये पोहतो, एवढे येथे पुरे. स्पर्धेच्या वर्षात ‘भानगडी’ नकोत, हा तलावावरचा अलिखित नियम आहे, आणि मुलगी फोन उपडा ठेवू लागली तेव्हा काहीतरी आहे हे मलाही कळले होते. मी समुपदेशक बाईंना सरळ विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘ते ती सांगेल तेव्हा तुम्हाला कळेलच. काळजी करण्यासारखं काही असेल, तर ते मी तिच्यासमोर तुम्हाला सांगेन, तिच्या पाठीमागे नाही.’’ पैसे मोजणाऱ्या पालकाला हे उत्तर ऐकायला कडू लागते. तरीही या सेवेत मला सर्वांत मोलाचे काय वाटले असे कोणी विचारले, तर मी हे उत्तरच सांगेन, कारण पुढे मुलीने स्वतःहून सगळे सांगितले, तेव्हा तिला खात्री होती की मला ते आधी कुठून कळलेले नाही.

तिच्याकडून कळले त्यावरून असे दिसते की, बाईंनी प्रेमाला आजारही मानले नाही आणि अडथळाही मानले नाही. रात्री बारापर्यंत चालणारे बोलणे हा झोपेचा प्रश्न आहे, मुलाचा नव्हे, हे त्यांनी तिला नीट वेगळे करून दाखवले, आणि फोन बाहेरच्या खोलीत ठेवण्याचा निर्णय तिने स्वतःच घेतला. हीच सूचना मी केली असती तर घरात महाभारत झाले असते. एका स्पर्धेत तिची वेळ सुधारली आणि त्याच दिवशी तो मुलगा चुकीच्या टर्नमुळे बाद झाला, तेव्हा आनंद दाखवावा की लपवावा या पेचात ती दोन दिवस गप्प होती. त्या दोन दिवसांवर एक अख्खी भेट खर्च झाली. असल्या गोष्टीला सरांकडे वेळ नसतो आणि आईबापांकडे शब्द नसतात.

गटसत्रांविषयी मात्र फारसे चांगले लिहिता येत नाही. सभागृहात पडद्यावर ‘विजेत्याची मानसिकता’ छापाच्या पाट्या सरकत राहतात आणि मागच्या रांगेतली मुले पेंगतात, जे पहाटेच्या सरावानंतर स्वाभाविकच आहे. मायकेल फेल्प्सची 23 ऑलिंपिक सुवर्णपदके त्या पडद्यावर असतात. याच फेल्प्सने आपल्या नैराश्याविषयी जाहीरपणे सांगितले आहे, किंवा टोकियोत 5 सुवर्णपदके मिळवणारा केलेब ड्रेसल 2022मध्ये बुडापेस्टची जागतिक स्पर्धा अर्ध्यावर सोडून काही महिने पाण्यापासून दूर राहिला, हे तेथे कोणी सांगत नाही. मुलांच्या कामाचे नेमके तेवढेच गाळलेले असते.

याहून गंभीर तक्रारी दोन आहेत. पहिली प्रश्नावलीची. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यगटाने 2020मध्ये खेळाडूंच्या मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी एक पद्धत प्रसिद्ध केली, जिची पहिली चाळणी 10 प्रश्नांची आहे. ती 16 वर्षे व त्यापुढील खेळाडूंसाठी असून डॉक्टर किंवा नोंदणीकृत मानसिक आरोग्य तज्ज्ञांनी वापरावी अशी अपेक्षा आहे. अकादमीच्या कार्यालयाने ती इंग्रजीतच, नाव लिहिणे सक्तीचे ठेवून, बारा वर्षांच्या मुलांसकट सगळ्यांच्या पालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवली. कित्येक घरांत ती आईनेच भरली असणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दुसरी तक्रार प्रशिक्षकांना दर महिन्याला दिल्या जाणाऱ्या ‘मानसिक तयारी’च्या दहापैकी गुणांची. हे गुण गटसत्रे घेणारी व्यक्ती देत असे, समुपदेशक बाई नव्हेत, पण मुलांना हा भेद कसा कळावा? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मधील कलम 23 मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देते. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालक नामनिर्देशित प्रतिनिधी या नात्याने माहिती मिळवू शकतात, पण प्रशिक्षक त्यातील अपवादांत कोठेच बसत नाहीत. आमची मुलगी आजारी नाही, तरी जी मुले आजारी नाहीत त्यांना यापेक्षा कमी संरक्षण का असावे, हे मला कळलेले नाही. काही पालकांनी लेखी हरकत घेतल्यानंतर गुण बंद झाले. समुपदेशनाची खोली मात्र अजून तेथेच आहे : जीवरक्षकांच्या खोलीला लागून, काचेच्या दाराची, काठावर उभ्या असलेल्या कोणालाही आत कोण बसले आहे ते दिसेल अशी. मुलांमध्ये तेथे जाण्याला ‘डोकं दाखवायला जाणं’ म्हणतात. काचेवर कागद चिकटवण्याची विनंती कार्यालयाने नोंदवून घेतली आहे.

ही सेवा संध्याकाळी सातला बंद होते आणि मुलांच्या मनातले काहूर बहुधा त्यानंतर उठते, म्हणून एक माहिती येथे देऊन ठेवते. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 2022पासून 14416 या क्रमांकावर विनामूल्य, चोवीस तास चालू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. तो क्रमांक अकादमीच्या सूचनाफलकावर लावायला खर्च काहीच नाही. क्लोरीनची पातळी आणि टोपी सक्तीची असल्याची पाटी यांच्यामध्ये भरपूर जागा आहे.

जे पालक अशी सेवा घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी मुलाने खोलीत सांगितलेले कोणाकोणापर्यंत जाते, हे लेखी विचारून घ्यावे आणि प्रशिक्षकांचे नाव त्या उत्तरात असेल तर दुसरीकडे पाहावे. समुपदेशक बाई आहेत तोवर आम्ही येथेच राहणार आहोत. पुढील वर्षासाठी वैयक्तिक भेटी कायम ठेवून गटसत्रे वगळण्याचा अर्ज मी दिला आहे. अर्ज मंजूर झाला, शुल्कात सवलत मिळणार नाही असे कार्यालयाने कळवले आहे.